रेघ कोणाची?

इसवी सन 1857 मध्ये, तोकुगावा शोगुनांची सत्ता अस्ताला लागलेली असताना, येदो शहरातील उओया एइकिची नावाच्या प्रकाशकाने तीन कागद शेजारी शेजारी लावले म्हणजे पूर्ण होणारे एक रंगीत काष्ठमुद्राचित्र विक्रीस काढले. चित्रकार होता उतागावा कुनिसादा. वयाची सत्तरी ओलांडलेला, आणि आपल्या गुरूचे 'तोयोकुनी' हे नाव धारण करून त्याच नावाने सही करणारा. योद्धे, शेतकरी, कारागीर व व्यापारी अशी समाजाची जी चतुर्विध विभागणी त्या देशात रूढ होती, तिच्यावर कुनिसादाने रचलेल्या मालिकेतील हे कारागिरांचे चित्र. आणि कारागीर दाखवायचे म्हटल्यावर त्याने सुतार, लोहार, कुंभार हे सगळे सोडून नेमका काष्ठचित्रे घडविणाराच कारखाना निवडला. एक बाई हाती सुरी घेऊन लाकडी फळीवर रेघा कोरीत आहे, दुसरी पटाशीवर लाकडी हातोडा मारून नको असलेले लाकूड उडवीत आहे, कोणी निसण्यावर पात्याला धार लावीत आहे, कोणी रुंद कुंचल्याने कागदावर तुरटी व सरस यांचे पाणी फिरवीत आहे, आणि तसे पाणी फिरविलेले ताव वाळत टांगलेले आहेत.

हे चित्र मधे ठेवून दोन जाणत्या माणसांमध्ये जो वाद झाला, तो येथे देत आहे. रावसाहेबांचा जन्म दिवाणी न्यायालयात मुन्सफी करण्यात गेला, आणि निवृत्तीनंतर त्यांनी जपानी चित्रांचा अभ्यास एखाद्या जुन्या दाव्याची कागदपत्रे तपासावीत तशा चिकाटीने केला. मास्तर चित्रकलेचे शिक्षक. लाकडावर स्वतः ठसे कोरलेले आणि छापलेले. दोघांचेही या विषयावर मनापासून प्रेम आहे.

रावसाहेब : मास्तर, प्रथम एक गोष्ट नोंदवून ठेवू. हे चित्र म्हणजे खोटी साक्ष आहे. येदोतील कोरण्याच्या आणि छापण्याच्या कारखान्यांत पुरुष काम करीत असत; येथे तर एकही पुरुष नाही. नक्षीदार किमोनो नेसलेल्या, केशरचनेत एक बटही इकडची तिकडे न झालेल्या या स्त्रिया येथे आल्या, त्या केवळ ग्राहकाला सुंदर स्त्रियांची चित्रे आवडत होती म्हणून. ज्याने कारागिरांचा सन्मान करावयाचा, त्यानेच त्यांना त्यांच्याच कारखान्यातून बाहेर काढले. तेव्हा या चित्राचे मोल पुरावा म्हणून शून्य आहे. जे काही मोल आहे ते कुनिसादाच्या मांडणीत आणि त्याच्या कल्पनेत.

मास्तर : साक्षीदार खोटा असला तरी त्याच्या हातातील मुद्देमाल खरा असू शकतो, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. माणसे खोटी आहेत, हे मला मान्य. आता अवजारे पाहा. सुरी ज्या मुठीत आणि ज्या कलाने धरली आहे तो कल, पटाशी व हातोडा यांची जोडी, धार लावण्याची जागा कोरणाऱ्याच्या हाताशी असणे, कागदाला पाणी देऊन तो वाळविणे, यांत कल्पनेचे काही नाही. तुरटी आणि सरस यांचे पाणी न दिलेला कागद रंग टिपून घेईल आणि रंग रेघेबाहेर पसरेल. म्हणून ते काम छपाईपूर्वी व्हावेच लागते. बाजारासाठी कुनिसादाने चेहरे बदलले, पण अवजार बदलण्याचे त्याला धाडस झाले नाही, कारण ही फळी ज्याच्या हाती पडणार होती त्याला ती चूक पहिल्या नजरेत कळली असती.

रावसाहेब : म्हणजे कारागीर चित्रकाराचा तपासनीस होता, असे आपले म्हणणे?

मास्तर : माझे म्हणणे त्याहून पुढचे आहे. आपण ज्याला कुनिसादाचे चित्र म्हणतो, ते कुनिसादाच्या हातचे नाही. त्याने पातळ कागदावर काळ्या शाईने रेखाटन केले, एवढाच त्याच्या हाताचा संबंध. तो कागद डोंगरी चेरीच्या, कठीण आणि बारीक पोताच्या लाकडाच्या फळीवर खळीने पालथा चिकटवीत. मागचा पदर बोटांनी हलकेच चोळून काढला म्हणजे रेघा स्वच्छ दिसू लागत. आणि मग कोरणारा त्या रेघांवरून सुरी चालवी. कोरता कोरता ते मूळ रेखाटन नाहीसे होई. आता नीट लक्ष द्या : ठशामध्ये रेघ कोरावयाची नसते, रेघ शिल्लक ठेवावयाची असते. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकले म्हणजे मधे जी धार उभी राहते, तिच्यावर शाई लागते आणि तीच कागदावर उमटते. या स्त्रियांच्या कपाळावरची केसांची कडा पाहा. केसाइतक्या बारीक अशा कितीतरी रेघा एकमेकींना न शिवता कातडीपाशी येऊन विरल्या आहेत. त्या प्रत्येक रेघेसाठी सुरीचे दोन घाव. एक घाव चुकला की एक केस गेला. चित्रकार पुष्कळदा केस नुसते सुचवून ठेवी. ते एकेक करून उभे करणे हे मस्तक कोरणाऱ्या वरिष्ठ कारागिराचे काम असे, आणि वस्त्रे व पार्श्वभूमी त्याच्या हाताखालची माणसे उरकीत. मग ही कडा कोणाच्या हातची?

(येथे रावसाहेबांनी चित्र उचलून डोळ्यांजवळ नेले, आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. वादात प्रतिपक्षाचा पुरावा प्रामाणिकपणे तपासून पाहणारी माणसे थोडी असतात. रावसाहेब त्यांपैकी आहेत.)

रावसाहेब : हात कारागिराचा, हे मी कबूल करतो. परंतु कर्तृत्व हाताचे की हुकमाचे? न्यायाधीश निकाल सांगतो, लेखनिक तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेतो. अक्षर लेखनिकाचे असले तरी निकाल लेखनिकाचा होत नाही. चित्रकार होकुसाईने आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्राचे उदाहरण मी देतो. ठसे एगावा तोमेकिची यानेच कोरावेत असा त्याचा आग्रह होता. आणि आपण काढलेल्या माणसांची नाके व डोळे उतागावा घराण्याच्या वळणावर नेऊ नयेत, म्हणून त्याने आपल्याला हवे तसे आणि नको तसे नाक-डोळे काढून दाखविले. एका नाकाच्या वळणापर्यंत ज्याची इच्छा पोहोचते, तो कर्ता नव्हे तर कोण?

मास्तर : ते पत्र मी माझ्याच बाजूने दाखल करतो, रावसाहेब. कोरणारा जर केवळ लेखनिक असता, तर होकुसाईला एगावाचे नाव घेऊन मागणी करण्याचे कारण काय होते? कोणीही कोरले तरी तेच नाक उतरले असते. तोच ठसा दुसऱ्याच्या हाती गेला तर आपले नाक दुसऱ्या घराण्याचे होईल, ही भीती त्या वृद्ध चित्रकाराला वाटत होती. आणि ती त्याला वाटावी हेही योग्यच, कारण लहानपणी तो स्वतः कोरणाऱ्याच्या हाताखाली राबलेला होता. सुरीच्या हाताला स्वतःचे वळण असते, हे त्याला ठाऊक होते. शिवाय आपल्या दृष्टान्तात लेखनिकाची प्रत जळाली तरी निकाल दिला गेला हे सत्य उरते; येथे चित्रकाराचा कागद सुरीखाली गेलेला असतो, आणि कोरणाऱ्याने जे उभे ठेवले तेवढेच जगात उरते.

मला येथे मास्तरांच्या बोलण्यात एक भर घालावीशी वाटली. फूजी पर्वताची शंभर दृश्ये या होकुसाईच्या ग्रंथाचा पहिला खंड 1834 मध्ये निघाला, तेव्हा त्यात कोरणारा म्हणून एगावा तोमेकिचीचे नाव छापण्यात आले. कुनिसादाच्या उत्तरकालीन अनेक चित्रांवरही, चित्रकाराच्या सहीपासून थोडे दूर, 'होरी ताके' अशी इवलीशी नोंद आढळते. ती योकोगावा ताकेजिरो या कोरणाऱ्याची. म्हणजे नाव देण्याची रीतच नव्हती असे म्हणून सुटका होत नाही. कोणाचे द्यावयाचे आणि कोणाचे नाही, याची निवड होत होती. छापणाऱ्याचे नाव तर त्याहूनही क्वचित दिसते.

रावसाहेब : छापणाऱ्याचे तरी का द्यावे? ठसे तयार झाल्यावर रंग लावणे आणि कागद दाबणे, यात बुद्धीचा अंश किती?

मास्तर : आपण एकदा तरी ठसा लावून पाहावयास हवा होता. पूर्ण रंगीत चित्रे येदोत 1765 च्या सुमारास, चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या वेळी निघू लागली, ती ज्या युक्तीच्या नेमक्या वापरावर उभी राहिली ती युक्ती मी सांगतो. प्रत्येक रंगाचा ठसा निराळा. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि लांब कडेला एक सरळ खाच कोरलेली असते. छापणारा दोन्ही हातांच्या बोटांत ओलसर कागद धरून त्याचा कोपरा एका खाचेत आणि कड दुसऱ्या खाचेत बसवितो, मग कागद खाली सोडतो. दहा रंग असतील तर हे दहा वेळा. आणि ओला कागद कामाच्या ओघात थोडा आटतो, लाकूड थोडे फुगते, हे सगळे त्याने मनात धरून. वेळूच्या पानाच्या आवरणात वेळूच्याच धाग्यांची वळी गुंडाळून बसविलेली एक चपटी गादी त्याच्या हातात असते, तिने तो कागदाच्या पाठीवरून दाबून घासतो. यंत्र नाही, दाबाचा पेच नाही, खांद्यापासून उतरलेले वजन हाच दाब. आणि आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा रंग खाली येता येता विरत जातो ना, तो ठशात कोरलेला नसतो. रंग लावलेल्या फळीवर छापणारा ओल्या फडक्याने किंवा कुंचल्याने तो विरळ करतो, प्रत्येक प्रतीसाठी नव्याने. म्हणून दोन प्रतींचे आकाश कधी सारखे नसते. होकुसाईच्या लाल फूजीच्या अगदी आरंभीच्या प्रती आणि नंतरच्या प्रती शेजारी ठेवा. आरंभीच्या प्रतींत पर्वत फिकट, कोवळ्या उजेडातला, आणि नंतरच्यांत विटकरी, भडक. रेखाटन एकच, ठसेही बहुतांशी तेच. प्रहर बदलला तो छापणाऱ्याने.

रावसाहेब : हे मात्र विचार करण्यासारखे आहे. तरीही माझ्या मनातील कारागिराचे चित्र आपल्या या कारखान्यात नाही, ते होकुसाईच्याच मालिकेत आहे. ओवारी प्रांतातील फूजीदर्शनाच्या मैदानाचे. भला मोठा, बूड नसलेला लाकडी पिंप आडवा उभा केला आहे. तो घरंगळू नये म्हणून अवजारांची पेटी लावली आहे. आणि त्या वर्तुळाच्या आत कमरेत वाकलेला एक माणूस रंध्याने फळ्या गुळगुळीत करतो आहे. त्याच्या पलीकडे भातशेती, आणि वर्तुळाच्या मधोमध, क्षितिजावर, नखाएवढा फूजी. ज्या पर्वतासाठी मालिका काढली, तो केवढा लहान. आणि ज्याचे नाव कोणी विचारणार नाही त्या बुरुडा-सुताराच्या जातीच्या माणसाचे काम केवढे मोठे! श्रमाला याहून मोठे स्थान कोणत्या चित्रकाराने दिले असेल, मला माहीत नाही. आणि हे स्थान कोणा कोरणाऱ्याने दिले नाही, छापणाऱ्याने दिले नाही. एका माणसाच्या दृष्टीला ते दिसले. कुनिसादाच्या चित्रात काम आहे, पण काम करणारा तल्लीन दिसत नाही. येथे तो माणूस पर्वताकडे मान वळवूनही पाहत नाही.

मास्तर : या चित्रापुढे मीही नम्र आहे. पण मघाशी आपण कुनिसादावर खोट्या साक्षीचा आरोप ठेवला, म्हणून विचारतो. त्या मैदानावरून फूजी दिसतच नाही, हे अभ्यासकांनी पुढे तपासून दाखविले. त्या दिशेला जे शिखर दिसते ते दुसऱ्याच पर्वताचे. मग ही साक्ष खरी कशी?

रावसाहेब : (थोडे थांबून) फूजीबद्दल ती खोटी असेल. पिंप करणाऱ्याबद्दल खरी आहे.

मास्तर : आणि कुनिसादाची साक्ष स्त्रियांबद्दल खोटी, सुरीबद्दल खरी. आपण एकाच ठिकाणी आलो.

रावसाहेब : इतक्या लवकर नाही. माझा खरा मुद्दा जबाबदारीचा आहे. ज्याच्यावर दंड बसतो तो कर्ता, असे मी मानतो; कायद्याला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. येदोत चित्र बाजारात यावयाचे तर तपासणीचा शिक्का लागे. 1804 मध्ये जुन्या काळातील सत्ताधीश हिदेयोशी याचे चित्रण केले म्हणून चित्रकार उतामारोच्या हातांत पन्नास दिवस बेड्या ठोकल्या. त्यापूर्वी 1791 मध्ये त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाची निम्मी मालमत्ता आक्षेपार्ह पुस्तकांपायी सरकारजमा झाली, आणि लेखक सांतो क्योदेन यालाही बेड्या पडल्या. बेड्या पडल्या त्या चित्रकाराच्या आणि लेखकाच्या हातांत, धन गेले ते प्रकाशकाचे. ज्याने जोखीम घेतली, त्याचेच नाव कागदावर राहावे.

मास्तर : जोखमीचा मान मी त्यांना देतो, आणि प्रकाशकाचा तर विशेष. लाकूड, कागद, रंग, मजुरी यांचे पैसे आधी घालून, पहिल्या दोनएकशे प्रती खपतील की नाही या चिंतेत राहणारा तोच. पण सरकारच्या दप्तराला ज्याचे नाव ठाऊक, त्याच्यावर दंड बसतो. दप्तर सही वाचते, लाकडाचा पोत वाचीत नाही. ज्याचे नाव कागदावर नव्हते, त्याला बेडी पडली नाही आणि कीर्तीही मिळाली नाही. आपली कसोटी म्हणजे नाव असलेल्याला पुन्हा नाव देण्याची कसोटी आहे.

या टप्प्यावर वाद येदोतून विसाव्या शतकात आला, आणि तो तेथे यावा हे क्रमप्राप्त होते. कारण हाच प्रश्न जपानी चित्रकारांनी आपापसांत फार तीव्रतेने लढविला आहे. 1904 मध्ये यामामोतो कानाए या तरुणाने एका कोळ्याचे चित्र स्वतः काढले, स्वतः कोरले आणि स्वतः छापले, आणि तेथून सर्व काम एकाच हाताने करणाऱ्यांचा पंथ निघाला. उलट वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने चित्रकार, कोरणारा, छापणारा ही जुनी वाटणी पुन्हा उभी केली. रावसाहेबांना पहिला पंथ पटतो : कर्तृत्व सांगावयाचे तर सगळे स्वतः करावे, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. मास्तरांना दुसरा, पण नावानिशी.

या दोहोंच्या मधे एक माणूस उभा आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी संबंध आहे म्हणून नव्हे, तर त्याच्याजवळ या वादाचे उत्तर असल्यासारखे वाटते म्हणून मी त्याचे नाव काढले. योशिदा हिरोशी प्रथम वातानाबेसाठी चित्रे देत असे. नंतर त्याने स्वतःचा कारखाना काढला, कोरणारे आणि छापणारे पदरी ठेवले, आणि त्यांच्यावर देखरेख करता यावी म्हणून दोन्ही कामे स्वतः शिकून घेतली. 1930-31 च्या सुमारास तो हिंदुस्थानात आला आणि त्या प्रवासावरून त्याने केलेल्या काष्ठचित्रांत ताजमहाल व काशी यांच्याबरोबर आपले अजिंठा आणि वेरूळही आहेत. त्याच्या देखरेखीखाली निघालेल्या प्रतींच्या समासात 'स्वतः छापलेले' या अर्थाचा शिक्का असतो.

रावसाहेब : पाहा! स्वतः छापलेले.

मास्तर : आणि तरी छापणारा दुसराच होता. योशिदाने छपाईवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली, म्हणून तो शिक्का मारला. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण वेरूळच्या लेण्यांतील सावलीचा तो थंड, जांभळट काळोख कागदात मुरविण्यासाठी एकावर एक छाप देत बसलेला जो माणूस होता, त्याने पाहिले असेल ते योशिदाचे चित्र आणि समोरचा ओला कागद. वेरूळ त्याने पाहिले नाही, आणि आपल्याला वेरूळ दिसते ते त्याच्या हातून.

रावसाहेब : मास्तर, एवढे मी मान्य करतो : योशिदाने जेव्हा कोरणे आणि छापणे शिकून घेतले, तेव्हा त्या कामांना बुद्धी लागते याची कबुली त्याने आपल्या वर्तनानेच दिली. ज्या कामाला बुद्धी लागत नाही, ते शिकावयास मोठा चित्रकार वयाची पन्नाशी जवळ आली असता बसत नाही. परंतु चार माणसांना समान कर्ते म्हणावे, हे मला अजूनही पटत नाही. पहिली कल्पना ज्याची, तो पहिला.

मास्तर : पहिला म्हणा. एकटा म्हणू नका.

रावसाहेबांनी याला उत्तर दिले नाही, आणि ते त्यांचे मत बदलल्याचे लक्षण आहे असा दावा मी करीत नाही. माझा स्वतःचा निर्णय मास्तरांच्या बाजूने आहे, पण एका वेगळ्या कारणाने. कुनिसादाच्या त्या तीन कागदांवर कारागिरांचे काम इतक्या आस्थेने दाखविले आहे, की ते पाहणाऱ्याच्या मनात 'हे कोणी केले' हा प्रश्न उठल्यावाचून राहत नाही. आणि जे चित्र स्वतःच तो प्रश्न विचारते, त्याच्याखाली केवळ एक नाव लिहून त्याचे उत्तर दिले असे समजणे हा त्या चित्राचाच अनादर होय. मास्तरांनी दाखविलेली ती केसांची कडा एकदा पाहिली, की चित्रकाराच्या सहीवर थांबणे माझ्याने होत नाही.

म्हणून माझी विनंती आपल्या मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना, तसेच वस्तुसंग्रहालयांत चित्रांखाली पाट्या लिहिणाऱ्यांना आहे. जपानी काष्ठचित्र छापाल किंवा लावाल, तेव्हा चित्रकार, कोरणारा, छापणारा व प्रकाशक अशा चार ओळी लिहा. एगावा तोमेकिची किंवा योकोगावा ताकेजिरो यांच्यासारखे नाव नोंदलेले असेल तर ते द्या. आणि नसेल तर ती ओळ गाळू नका, तिच्यापुढे 'नाव उपलब्ध नाही' असे स्पष्ट छापा.